बाबांच्या इमारतीचा इतिहास

मुंबईतल्या त्या वर्तमानपत्राची इमारत मी जन्मात कधी पाहिली नाही. पण तिच्या जिन्याला पायऱ्या किती, त्यातली कुठली जास्त झिजलेली, दर्शनी भागातली तिसरी कमान बाकीच्यांपेक्षा रुंद का, गच्चीवरच्या कँटीनमध्ये उसळीला तिखट किती, हे मला विचारा. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, आणि सांगता सांगता माझं डोकं फिरेल. ती इमारत पाडली असं पुढे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

माझे बाबा तिथे कंपोझिटर होते. म्हणजे शिशाचे बारीक खिळे एकेक उचलून शब्द जुळवायचे, ओळी बांधायच्या, उलटी अक्षरं सुलटी असल्यासारखी वाचायची. आम्ही गावी. कट्टा या गावाच्या बाजारापासून पाऊण तास चालल्यावर आमची वाडी. घरात आई, मी आणि आईच्या मानेवर बसलेली शेती. बाबा वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला, दोन्ही मिळून वीस-बावीस दिवस. बाकीचे सगळे दिवस त्या इमारतीचे. माझ्या वर्गातल्या मुली बापाचा मार खाऊन रडत शाळेत यायच्या, तर मला त्यांचासुद्धा हेवा वाटायचा. घ्या!

बाबा कायमचे घरी आले तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि मी डी.एड. करून कट्ट्याच्या शाळेत शिकवू लागले होते. एस.टी.तून ते उतरले ते एक ट्रंक, एक वळकटी आणि पायात नवे बूट घेऊन. आईने ओटीवरची खाट झाडून दिली. पाहुणे आले की आम्ही तीच खाट देत असू. पहिल्याच सकाळी ते म्हणाले, ‘‘पेजेत मीठ कमी आसा.’’ आई चुलीकडून वळलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘‘इतकी वर्सां माका बरोबर लागता. तुमी नवीन आसात, सवय जातली.’’ मी हसले. बाबा पण हसले, पण त्यांना बहुतेक कळलं नव्हतं की आई गंमत करत नाहीये.

मग सुरू झाली इमारत. घरी कोणीही येवो, काजूच्या बिया गोळा करायला आलेली बाई असो, नाहीतर आमच्या शाळेचे हेडमास्तर, बाबा दोन मिनिटांत त्याला मुंबईला न्यायचे. त्या जागेवर आधी घोड्यांचा तबेला होता. पेपरच्या पहिल्या मालकाने जागा घेतली, मालाडचा दगड आणला. इमारत बांधून झाली आणि मग विलायतेहून छपाईचं यंत्र आलं, तर ते दारातून आत जाईना. मालकाने उभी भिंत फोडायला लावली. तिसरी कमान रुंद आहे ती म्हणून. इमारतीच्या कपाळावरचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवलेलं असे, कामगार वेळेवर यावेत म्हणून, आणि सगळ्या कामगारांना ते ठाऊक असल्यामुळे सगळे पाच मिनिटं उशिरा येत. खाली रस्त्याच्या बाजूला एक मोठा काळा फळा होता. निवडणुकीचे निकाल, क्रिकेटच्या धावा त्यावर खडूने लिहीत आणि ट्राम थांबवून लोक वाचत. दुसऱ्या मजल्यावर कंपोझिंगचं दालन. शिसं पोटात जाऊन बाधू नये म्हणून प्रत्येकाला रोज गुळाचा खडा मिळायचा. तिसऱ्या मजल्यावर मालकाची खोली, सागवानी मेज, पायाखाली जाड गालिचा, आणि सांधेदुखीच्या मलमाचा वास.

‘‘मालकाच्या खोलयेतलो वास तुमका काय ठावक?’’ मी एकदा विचारलं. ‘‘तुमी तर दुसऱ्या माळयार.’’

‘‘कळता गो,’’ बाबा म्हणाले. ‘‘इतकी वर्सां रवल्यार सगळा कळता.’’

आई मात्र इमारत सुरू झाली की सूप घेऊन अंगणात जाऊन बसायची. ‘‘तुमच्या इमारतीन कदी माज्या भाताची लावणी केली नाय,’’ असं एकदाच म्हणाली. तांदूळ पाखडत राहिली.

गावात माणूस परत आला की त्याची चौकशी होतेच. आमच्याकडच्या चाकरमान्यांची एक खोड आहे, मुंबईला कुणी काहीही करो, गावात तो साहेबच असतो. गिरणीत झाडू मारणारा मुकादम म्हणून मिरवतो, हॉटेलात बश्या विसळणारा मॅनेजर होतो. आणि गावचीही खोड अशी, की ही थाप कधी उघडी पडते याची वाट बघत बसायचं. उघडी पडली की मग त्या माणसाची खैर नाही. त्याला पडलेलं नाव त्याच्या नातवापर्यंत पुरतं. आणि बाबा तर दिवसरात्र मुंबईच्या पेपरची गोष्ट सांगणारे. लोकांचे कान टवकारलेलेच होते.

कट्ट्यावर एस.टी. स्टँडसमोर भुसारी दुकान होतं. दुकानदार पेपरचा एजंटही होता. मुंबईचा पेपर दुपारच्या गाडीने यायचा आणि दुकानाच्या बाकावर बसून दहा-बाराजण तो फुकट वाचायचे. दुकानाबाहेर एक लाकडी फळी होती, तिच्यावर तो रोज पहिलं पान चिकटवायचा. मी एका संध्याकाळी चहापूड घ्यायला गेले, बाबा बरोबर होते. दुकानदार पुडी बांधता बांधता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘काकानू, आमचो भाचो मुंबैक तुमच्याच पेपरात जायरात देवक गेल्लो. म्हणता, तुमका लिफ्टीत बघल्यान. खाकी कापडा घालून. वर-खाली करी होतात म्हणे.’’

बाकावरच्यांनी हातातले पेपर खाली केले. मी बाबांकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या मस्तकात जाळ झाला. ‘‘शिरा पडो तुमच्या भाच्याच्या डोळ्यार!’’ मी ओरडले. शाळेतली बाई भर बाजारात असा शाप घालत ओरडते म्हटल्यावर समोरच्या पानवाल्याने मान बाहेर काढली. ‘‘माजो बापूस हेड कंपोझिटर होतो! त्या भाच्याक आणा माज्यासमोर! खोटारडो मेलो! तुमका लाजलज्जा आसा काय?’’ आणखी बरंच बोलले. दुकानदाराच्या आईबापापर्यंत गेले. शेवटी तोच म्हणाला, ‘‘रवांदे बाईनू, चुकला आसतला.’’ पुडी न घेताच मी निघाले. बाबा एवढंच म्हणाले, ‘‘चल गो, घराक चल.’’ घरापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, एवढा अपमान झाला तरी बोलले नाहीत, केवढा सज्जन माणूस. माझा ऊर भरून आला होता.

त्याच वर्षी पेपरात एक निवेदन आलं. ती इमारत विकली होती, कचेरी उपनगरात जाणार होती. निरोप म्हणून रविवारची खास पुरवणी निघणार होती आणि जुन्या कामगारांनी इमारतीच्या आठवणी लिहून पाठवाव्यात असं आवाहन होतं. बाबा तो पेपर दुकानातून विकत घेऊनच आले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, ‘‘मी सांगतंय, तू लिव. तुजा अक्षर बरा. माजा कोणाक लागूचा नाय.’’ गंमत बघा, जन्मभर दुसऱ्यांची वेडीवाकडी अक्षरं लावून छापणाऱ्या माणसाचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेली माती होती.

शाळेतून आले की चहा पिऊन आम्ही ओटीवर बसायचो. बाबा डोळे मिटून सांगायचे. घरात मालवणी बोलणारा माणूस एकदम पुस्तकी मराठीत शिरायचा, ‘सदर इमारतीचे बांधकाम’, ‘तत्कालीन मालकांनी’. मी लिहायचे. असं महिनाभर चाललं. आणि लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की तबेल्यातल्या घोड्यांपासून घड्याळाला तेल घालणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्यात आहेत, आणि आई नि मी कुठेच नाही.

‘‘बाबा, ह्याच्यात आवशीचा नाव नाय. माजापण नाय.’’

बाबांनी डोळे उघडले. त्यांना खरंच नवल वाटलं. ‘‘इमारतीचो इतिहास तो,’’ ते म्हणाले. ‘‘तुमी थंय खंय होतात?’’

मी पेन इतक्या जोरात दाबलं की निब वाकली. ते पान पुन्हा लिहावं लागलं. बावीस पानं झाली. मी सुईदोऱ्याने शिवून देते म्हटलं, तर बाबा म्हणाले, नको, मीच शिवतो, पोस्टातही मीच टाकतो. दोन दिवस ते पुडकं त्यांच्या उशाशी होतं. मग कट्ट्याला जाऊन टाकून आले.

पंधरा-वीस दिवसांत संपादकांच्या कचेरीतून कार्ड आलं. मजकूर आवडला, येत्या रविवारच्या पुरवणीत घेत आहोत. एवढंच, टाइप केलेलं, खाली सही. बाबांनी ते कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं आणि सगळ्या कट्ट्याला दाखवलं. दुकानदाराला दाखवलं, पानवाल्याला दाखवलं, एस.टी.च्या कंडक्टरला दाखवलं. ‘‘आयतवारी वाचा,’’ प्रत्येकाला सांगत होते, ‘‘सगळा सविस्तर लिवलंय. मगे तुमका माका काय विचारूक नको.’’ मला वाटलं, हे कंपोझिटर असल्याचा पुरावा देताहेत. मीही वर्गात पोरांना सांगून ठेवलं.

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघं दुकानावर गेलो. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बाकावर बसायला जागा नव्हती. गाडी आली, गठ्ठा पडला, दुकानदाराने दोरी कापली आणि पहिला पेपर बाबांच्या हातात दिला. बाबांनी पानं उलटली. मग परत पहिल्यापासून उलटली. मी दुसरा पेपर ओढून घेतला. इमारतीवर एक ओळ नव्हती. पुरवणीच नव्हती.

‘‘खंय आसा?’’ कोणीतरी विचारलं.

‘‘पुढच्या आयतवारी येतला,’’ बाबा म्हणाले. ‘‘जागा कमी पडली की लेख मागे रवता. आमच्याकडे असा नेहमी जाता.’’

पुढच्या रविवारीही आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चौथ्या रविवारी दुकानदाराने पेपर घडी उलगडून नुसता झटकला, आतून काही पडतंय का बघितल्यासारखं, आणि म्हणाला, ‘‘इमारत खंय पडलीहा काय?’’ काय ते हसणं! म्हातारी माणसं खोकला लागेपर्यंत हसली. ‘‘कार्ड कोणाकडसून टाइप करून घेतलात, काकानू?’’ एकाने विचारलं. ‘‘लिफ्टीतल्या कोणा बाईकडसून?’’ मी तिथे होते. या वेळी मी काही बोलले नाही. मलाही पहिल्यांदाच शंका आली होती, आणि त्या शंकेचा राग मी घरी येऊन बाबांवरच काढला. ‘‘कित्याक सगळ्यांका कार्ड दाखवीत फिरलात? माज्या शाळेतली पोरां हसतत माका!’’

तेव्हापासून बाबांचं नाव ‘इमारत’ पडलं. ‘‘इमारत येता रे, बाजूक व्हा!’’ लांबून पोरं ओरडायची. ती माझीच पोरं, मी शिकवलेली. एकाने पाटीवर चार मजली घर काढून त्याला मिशा काढल्या होत्या. मी त्याच्या तळहातावर छडी मोडली. बाबांनी कट्ट्याला जाणं बंद केलं. ते दिवसभर ओटीवर बसून जुने पेपर वाचत, जाहिरातींसकट. आई त्यांच्यासमोर केर काढताना म्हणायची, ‘‘पाय उचला, खालचो माळो झाडूचो आसा.’’ आईसुद्धा! आणि मी हसायचे. हे मी लपवत नाही. आम्हा दोघींना त्या माणसाला बोचकारण्यात चव लागली होती.

पावसाळा संपता संपता एका सकाळी बाबा ओटीवरून ओरडले. मी धावत गेले, वाटलं पडले की काय. ते पेपरचं पहिलं पान डोळ्यांशी धरून उभे होते आणि बोट एका जागी टेकवलेलं. पेपरच्या नावाखाली तारखेच्या शेजारी एक इवलासा ‘डा’ छापलेला होता. इतका बारीक की मी इतकी वर्षं पेपर वाचून कधी पाहिला नव्हता.

‘‘डाक!’’ बाबा म्हणाले. ‘‘डाक आवृत्ती! अगो, बाहेरगावचो पेपर वेगळो छापतत. शनवारी दुपारीच छापून गाडयेर घालतत. पुरवणी फक्त शहराच्या पेपरात. हंय येतलीच कशी?’’ आणि कपाळावर हात मारून घेतला. ‘‘हो ‘डा’ मी माज्या हातान लावलंय, वर्सानुवर्सां! डाकेचा पान मीच बांदी होतंय! आणि माकाच सुचला नाय!’’

खरंच, ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्या मजल्यावर बसून गावाकडचा पेपर जुळवला, आणि आपण आता त्या गावात राहतो हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या मनाने ते अजून शहराचाच पेपर वाचत होते. ते इतके खूश झाले की आईला हाका मारायला लागले. आई आली नाही.

मी म्हटलं, ‘‘चला मग, कट्ट्यार जावन सांगा त्या मेल्यांका.’’

‘‘तोंडी सांगान कोण ऐकतला? कात्रण मागवतंय. इला की दुकानाच्या फळयेर चिकटवतंय. सगळ्यांनी वाचूचा.’’ त्यांनी त्याच दिवशी कचेरीला पत्र लिहिलं. वाडीवर टपाल आठवड्यातून दोनदाच यायचं, म्हणून उत्तराचा पत्ता माझ्या शाळेचा दिला. रोज संध्याकाळी मी वळणावर दिसले की ते ओटीवरून उतरून अंगणाच्या कडेला यायचे. ‘‘इला?’’ मी मान हलवायची. मग माझ्या हातातली पिशवी घेऊन ते आत जायचे. महिनाभर असं चाललं.

आलं. मधल्या सुट्टीत पोस्टमनने लांबट पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते शिक्षकांच्या खोलीत खिडकीशी उभी राहून फोडलं. बाबांचं पाकीट, पण राहवलंच नाही मला. आत संपादकांचं छोटं पत्र आणि पुरवणीचं अख्खं पान होतं, घडी घातलेलं. वर कमानींसह इमारतीचं मोठं चित्र. लेखाला बाबांचं पूर्ण नाव, जाड अक्षरात. संपादकांनी वर लिहिलं होतं की या इमारतीचा इतिहास पुष्कळांनी लिहून पाठवला, पण तळमजल्यापासून गच्चीपर्यंत ती पाहिलेला हा एकच माणूस निघाला.  वाटलं, असंच धावत जावं आणि त्या दुकानदाराच्या तोंडावर पान फेकावं.

मी वाचत गेले. सगळं माझ्याच हातचं लिहिलेलं, ओळखीचं. तबेला, यंत्र, घड्याळ. आणि शेवटी मी न लिहिलेला एक परिच्छेद होता.

त्यात बाबांनी लिहिलं होतं की खिळे जुळवत होतो तोवर मला इमारत ठाऊक नव्हती, फक्त दुसरा मजला ठाऊक होता. मग फोटो-कंपोझिंगची यंत्रं आली आणि आम्हाला सांगितलं, राजीनामा देऊन घरी जा, नाहीतर मिळेल ते काम करा. माझी मुलगी तेव्हा डी.एड.ला होती. मी लिफ्ट घेतली. शेवटची सहा वर्षं खाकी कपडे घालून लिफ्ट चालवली. ज्या लिफ्टमध्ये कंपोझिटरला पाय ठेवायची मनाई होती, तिच्यातूनच मी सगळे मजले पाहिले, मालकांची खोली पाहिली, गच्ची पाहिली. हा इतिहास लिफ्टमनने लिहिलेला आहे. गावी हे कोणालाच सांगितलेलं नाही. आता छापून आल्यावर सगळे वाचतील, मला वेगळं सांगावं लागणार नाही.

घंटा झाली. मी वर्गात गेले, पाचवीला भागाकार शिकवला. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त ती संध्याकाळ होती. भर बाजारात मी ओरडले होते. भाचा खरं बोलला होता. आणि बाबा हे पान फळीवर चिकटवणार, दुकानदार मोठ्याने वाचणार, आणि मग सगळे वळून माझ्याकडे बघणार. ‘माझी मुलगी डी.एड.ला होती’ हे वाक्य मी तेव्हाही वाचलं होतं. पण माझा सगळा जीव त्या ‘लिफ्टमन’ शब्दाने खाल्ला. मला त्यांची दया आली नाही. मला चीड आली. मला एका शब्दाने सांगितलं नाही, मला त्या दुकानात एकटीला भांडू दिलं आणि शेजारी मुकाट उभे राहिले!

घरी गेले ती मागच्या दाराने, न्हाणीत. अंघोळीचं पाणी तापत होतं. पाकीट, पान, संपादकांचं पत्र, सगळं मडक्याखालच्या जाळात सारलं. छापखान्याची शाई जळताना वास येतो की नाही मला माहीत नाही, मी थांबले नाही. पुढे आले तर बाबा अंगणाच्या कडेला माझी वाट बघत होते, मी मागून आलेली त्यांना दिसलेच नव्हते.

‘‘इला?’’

‘‘इला,’’ मी म्हटलं. ‘‘नुसता पत्र इला. छापूकच नाय म्हणतत. जागा नव्हती.’’

‘‘पण कार्ड धाडल्यानी होता...’’

‘‘चुकान धाडल्यानी. माफी मागल्यानी हा.’’

‘‘बघूया पत्र.’’

‘‘शाळेत रवला.’’

 कचेरी खोटं लिहिणार नाही आणि मुलगी खोटं बोलणार नाही, या दोन्हीवर त्या माणसाचा विश्वास होता. ‘‘बरा,’’ म्हणाले आणि माझ्या हातातली पिशवी घ्यायला विसरले.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी शाळेच्या कुंपणाच्या दगडी गडग्याशी उभी होते, तर रस्त्याने बाबा येताना दिसले. किती महिन्यांनी कट्ट्यावर येत होते! इस्त्रीचा सदरा घातलेला. पोरांनी ‘‘इमारत! इमारत!’’ केलं. ते थेट दुकानावर गेले. गाडी नुकतीच येऊन गेली होती, बाक भरलेला होता. बाबा बसले नाहीत. हात मागे बांधून उभे राहिले आणि बोलायला लागले ते पुस्तकी मराठीत, मला मजकूर सांगताना बोलायचे तसं. गडगा आणि दुकान यांच्यात फक्त रस्ता होता. एकेक शब्द मला ऐकू येत होता.

‘‘माझा लेख छापून आला नाही. तो येणार असे मी आपणा सर्वांना सांगितले, ते चुकीचे ठरले. त्या लेखात मी एक गोष्ट लिहिली होती, ती आता तोंडी सांगतो. मी कंपोझिटर होतो हे खरे आहे. परंतु शेवटची सहा वर्षे मी त्या इमारतीत लिफ्ट चालवली. आपल्या भाच्याने पाहिले ते बरोबर होते. माझ्या मुलीला हे माहीत नव्हते. ती आपल्याला बोलली, त्याबद्दल मी माफी मागतो.’’

 मग दुकानदार म्हणाला, ‘‘काकानू, लिफ्ट वर नेय होतात काय खाली?’’ आणि बाकावर हशा फुटला. एकजण तर बाकावरून खाली उतरून मांड्या बडवत होता. ‘‘परत सांगा, परत सांगा, मागच्याक ऐकाक नाय इला,’’ एक म्हणाला. आणि बाबांनी खरंच परत सांगितलं! पहिल्यापासून, त्याच शब्दांत, त्याच मराठीत. कोणीतरी तीन बोटं वर करून ‘‘तिसरो माळो!’’ ओरडलं. दुकानदाराने मला गडग्याशी बघितलं होतं. ‘‘बाईनू, ऐकलात मां?’’ त्याने हाक मारली. ‘‘आता आमच्या भाच्याच्या डोळ्यार शिरा पाडतात काय?’’

पान फळीवर लागलं असतं तर वर बाबांचं जाड नाव असतं. खाली कमानींचं चित्र असतं. मुंबईच्या संपादकाने लिहिलेलं असतं की हा एकच माणूस. मग हसले असते काय ते? हसले असते थोडे, पण छापलेल्या नावाला हसताना माणूस जरा बिचकतो. मी ते सगळं जाळून त्यांच्या हातात नुसती लिफ्ट ठेवली होती. मी वळले आणि वर्गात गेले. त्या दुपारी मी कोणाकोणाला मारलं ते आठवत नाही.

घरी आले तेव्हा आईला बातमी आधीच पोचली होती. ती दारात भात वारवत होती. ‘‘माका ठावक होता,’’ ती म्हणाली, जणू कोंबड्यांविषयी बोलत होती. ‘‘गणपतीक इले की खाकी पँटी कोण धुवत होता?’’

‘‘मगे सांगलस कित्याक नाय?’’

‘‘तेनी सांगूचा होता. मी कित्याक सांगू?’’

बाबा मागच्या पडवीत पाय धूत होते. मी तांब्या घेऊन गेले आणि पाण्याची धार धरली. मला बोलायचं होतं. तोंडाशी आलं होतं, बाबा, छापलं होतं, अख्खं पान छापलं होतं, मी जाळलं. तेवढ्यात तेच बोलले.

‘‘शेवटचा एक पान मी नंतर घातलंय,’’ ते म्हणाले. ‘‘लिफ्टीचा. ता तुज्याकडसून लिवून घेवक होया होता गो. पण तुज्यासमोर सांगूक माका लाज वाटली. म्हणान माज्याच हातान लिवलंय. माजा अक्षर तेंका लागला नसतला, म्हणानच सगळो लेख टाकून दिल्यानी आसतले.’’

मी पाणी ओतत राहिले.

‘‘माज्या अक्षरामुळेच ना गो?’’

मी म्हटलं, ‘‘आसतला.’’